लिव्हरमधली गाठ: मोठं ऑपरेशन की थेट ट्रान्सप्लांट?

हेपॅटोब्लास्टोमा हा लिव्हरचा कॅन्सर बहुतेक तीन वर्षांच्या आतल्या पोरांना होतो, आणि डॉक्टर म्हणाले की गाठ अशी काढता येणार नाही, की घरात सगळे हेच म्हणतात, आधी कापून तरी बघू, नाहीच जमलं तर ट्रान्सप्लांट आहेच. घोळ इथेच होतो. 2004 मध्ये जगभरातल्या केसेस एकत्र करून बघितल्या, तर थेट ट्रान्सप्लांट झालेल्यांत 6 वर्षांचा सर्व्हायव्हल 82 टक्के, आणि ऑपरेशन फसल्यावर किंवा गाठ परत आल्यावर केलेल्यांत फक्त 30. आकडे जुने आहेत, आणि फसलेल्या केसेस मुळातच अवघड असतात, मान्य, पण फरक केवढाय बघा.

म्हणून ऑपरेशन वाईट असं अजिबात नाही. सिस्प्लाटिनच्या केमोने गाठ बऱ्याचदा चांगली आक्रसते, एखादा भाग स्वच्छ उरला आणि त्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या तर मुरलेला सर्जन बाकीचं काढू शकतो, उरलेलं लिव्हर वाढतं, आणि आयुष्यभराच्या गोळ्या वाचतात! पण केमोनंतरही लिव्हरच्या चारही भागांत गाठी असतील (रिपोर्टवर सुरुवातीला प्रीटेक्स्ट 4 लिहिलेलं असतं ते हेच), किंवा पोर्टल व्हेनच्या (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) दोन्ही फांद्या वेढल्या असतील, तर कापाकापीचा हट्ट नको.

ट्रान्सप्लांटची किंमत मात्र रोजची आहे. टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणूनचं औषध) दर 12 तासांनी, पोराने ओकून टाकलं तर परत द्यायचं का म्हणून रात्री फोन, लेव्हल बघायला सारखं रक्त, साधा ताप आला तरी धावपळ. शिवाय सिस्प्लाटिनने आधीच दमलेल्या किडनीवर हे औषधही भार टाकतं.

आई किंवा बाबांनी डाव्या बाजूचा छोटा तुकडा दिला तर तारीख केमोच्या सायकलशी जुळवता येते, वेटिंग लिस्टवर ते आपल्या हातात नसतं. अर्थात डोनरचंही मोठंच ऑपरेशन आहे, हे विसरू नका.

फुफ्फुसात ठिपके दिसले, म्हणजे कॅन्सर तिथे पसरला, म्हणून लगेच हाय खाऊ नका, केमोने किंवा सर्जरीने ते पूर्ण गेले तर ट्रान्सप्लांट होऊ शकतं. राहिले तर नाही.

हे सगळं हेपॅटोब्लास्टोमाचं हं, मोठ्या मुलांमधला एचसीसी (हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, लिव्हरचा दुसरा कॅन्सर) केमोला फारसा दाद देत नाही, तिथलं गणित वेगळं.

माझं मत विचाराल तर केमोची दुसरी सायकल होईपर्यंत स्कॅनची सीडी ट्रान्सप्लांट टीमसमोर गेलेली हवी, मग भले ते म्हणोत की गरजच नाही.