एपॉक्सी ग्राउट आणि टाइल-ऑन-टाइल : वीस हजारांच्या आत जुनं बाथरूम, सव्वाचार स्टार

बिल्डिंग 1994 ची, पुण्यात सिंहगड रोडला, आणि बाथरूम पण तेव्हाचंच. भिंतीला 8 बाय 12 इंचाच्या फिकट गुलाबी टाइल्स, मधून फुलाफुलांची हायलाइटरची पट्टी जी त्या काळी प्रत्येक घरात होती, आणि खाली चॉकलेटी चकचकीत फरशी, ओली झाली की त्यावर सासूबाई एकट्या जायला घाबरायच्या. सगळं तोडून नवीन करायचं तर कोटेशन आलं 85 हजारापासून सव्वा लाखापर्यंत, त्यात नळ-कमोड धरलेलेच नाहीत, राडारोडा उचलायचे वेगळे. आमचं बजेट 20 हजार, त्याच्या वर एक रुपया नाही.

खरं सांगू का, भिंतीला नवीन टाइल लावायच्या नाहीत ही कल्पना माझी नाहीच. बघायला आलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी ओल्या फडक्याने एकच टाइल खसाखसा पुसली आणि म्हणाले, "ताई, टाइलला काय झालंय? सांधे गेलेत तुमचे." आणि खरंच, ती टाइल दुकानातल्यासारखी चमकत होती. टाइलवरचं ग्लेझ म्हणजे काचच असते, तिला तीस वर्षांत काही होत नाही. जुनं दिसतं ते दोन टाइलच्या मधल्या काळ्या रेषांमुळे. त्या काळात सांध्यात व्हाइट सिमेंट भरायचे, ते पाणी पितं, साबण पितं आणि आतून बुरशी धरते, मग वरून कितीही घासा. त्यात आपल्याकडे दिवाळी आली की ॲसिडची बाटली आणायची पद्धत, ॲसिड सिमेंटच खातं, म्हणजे सांधे अजून भुसभुशीत, आणि पुढच्या वर्षी अजून काळे.

तर रिव्ह्यू मुख्य सांधे नव्याने भरायच्या मालाचा, म्हणजे एपॉक्सी ग्राउटचा. पॅकमध्ये तीन गोष्टी येतात, रेझिन म्हणजे चिकट द्रव, ते कडक करणारं हार्डनर आणि रंगाची पावडर. रॉफ, लॅटिक्रीट, वेबर अशी नावं सगळ्या दुकानांत दिसतात, पद्धत सगळ्यांची जवळपास एकच. सिमेंटचं ग्राउट साठ-सत्तर रुपये किलो मिळत असताना हे इतकं महाग का घ्यायचं, असं घरी पण विचारलं. पण हे पाणी पीत नाही. सांध्यावर चहा सांडा, तेल सांडा, हळद सांडा, पुसलं की गेलं. आणि लागतं किती? आमच्या भिंती साधारण 130 स्क्वेअर फूट भरल्या, तेवढ्याला तीन किलोच्या आत काम झालं. टाइल जितकी लहान तितके सांधे जास्त आणि ग्राउट जास्त, त्यामुळे ज्यांच्याकडे अजून जुन्या 6 बाय 6 च्या पांढऱ्या टाइल आहेत त्यांनी जास्तच धरा.

आता त्रासाचा भाग, जो दुकानदार सांगत नाही. जुन्या टाइल स्पेसर, म्हणजे मधे अंतर ठेवणारे छोटे तुकडे, न लावता अगदी चिकटून बसवलेल्या असतात, सांधा केसाएवढा. त्यात एपॉक्सी वरून नुसतं चोपडलं तर चार महिन्यांत पापुद्रे निघणार. सांधा किमान दोन मिलिमीटर रुंद आणि तीन-चार मिलिमीटर खोल उघडायला लागतो, म्हणजे चार इंची ग्राइंडरला पातळ डायमंड ब्लेड लावून प्रत्येक रेषेवरून चालवायचं. खरं कौशल्य इथे आहे. ब्लेड जरा तिरकं गेलं की टाइलची कड उडते, त्याला ते चिपिंग म्हणतात, आणि मग ती पांढरी खपली कायम दिसते. आमच्या मिस्त्रींनी आडव्या रेषा ग्राइंडरने केल्या आणि कोपऱ्यातल्या, नळाजवळच्या सगळ्या हाताने, हॅक्सॉच्या तुटक्या पात्याला कापड गुंडाळून. आतून जे निघत होतं ते बघून कसंतरी झालं, काळा, ओलसर, केसांसकट चिकट गाळ. एवढे दिवस आपण त्याच्यावर फिनाइल मारत होतो! धूळ मात्र इतकी की दाराला ओली चादर लावूनही हॉलमधल्या टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येत होतं. मास्क लावा, कंजूषपणा करू नका.

सांधे उकरल्यावर बाथरूम पूर्ण वाळू द्यायचं. हे एकच बाथरूम असलेल्या घरात किती अवघड आहे ते मला विचारा. आंघोळी समोरच्या काकूंकडे, बादली-टॉवेल घेऊन सगळं कुटुंब जिना ओलांडतंय, आणि काकू प्रत्येक वेळी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. पण ओल्या सांध्यात एपॉक्सी धरत नाही, त्यामुळे इथे घाई नको म्हणजे नको.

भरताना तिन्ही भाग पॅकवर लिहिलेल्या मापानेच मिसळायचे, अंदाजपंचे नाही. हार्डनर कमी पडलं तर ते कायम चिकट राहतं. आणि एकदा मिसळलं की वेळ कमी असतो, पुण्याच्या उन्हाळ्यात तर अजून कमी, म्हणून थोडं थोडं कालवायचं. रबरी पट्टीने तिरपं दाबून भरायचं आणि लगेच, म्हणजे पाठोपाठच, दुसऱ्या माणसाने ओल्या स्पंजने पुसत यायचं. टाइलवर जो धुरकट थर राहतो तो त्याच दिवशी गेला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो टाइलचाच भाग झालेला असतो आणि घासून हात दुखतात. म्हणून एकटा मिस्त्री नको, सोबत पुसायला माणूस पाहिजेच. स्वतः करणार असाल तर ग्लोव्हज घाला, कच्च्या एपॉक्सीने काही जणांच्या हाताला पुरळ येते. चोवीस तास पाणी नाही, आणि आठवडाभर कुठलंही क्लीनर नाही.

रंग पांढरा घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. खिडकीतून ऊन येत असेल तर पांढरं एपॉक्सी हळूहळू पिवळट होतं. आम्ही फिकट राखाडी घेतला, गुलाबी टाइलवर तो इतका छान दिसतो की नणंदेने विचारलं टाइल कुठून आणल्या. आणि एक, भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरू देऊ नका, तिथे सिलिकॉन सीलंट. भिंत-फरशी थोडी हलत असतात, कडक ग्राउट तिथे तडकतं. मिस्त्री म्हणतील "ताई, सगळीकडे एकच भरतो, चांगलं दिसेल", ऐकू नका.

काम सुरू करायच्या आधी रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवून बघा. भरीव टकटक आली तर ठीक, पोकळ आवाज आला तर ती सुटलीये. आमच्या पाच-सहा पोकळ निघाल्या आणि काढताना त्यातल्या तीन फुटल्या. 1994 चं ते डिझाइन आता कुठे मिळणार? मग मिस्त्रींनी आरशाच्या मागच्या तीन शाबूत टाइल अलगद काढून इकडे लावल्या, आणि आरशामागे दुकानातल्या सुट्या साध्या पांढऱ्या. वर आधीपेक्षा मोठा आरसा. हा उपाय त्यांनी जेवता जेवता सुचवला, मला तर कोणी डिझायनर सुचवेल असं वाटत नाही.

फरशीचं मात्र सांध्यांवर भागणार नव्हतं, घसरण हाच प्रश्न होता. तिथे टाइल-ऑन-टाइल केलं, म्हणजे जुनी न फोडता वरून 12 बाय 12 ची मॅट अँटीस्किड. यासाठी साधं सिमेंट चालत नाही, गुळगुळीत ग्लेझवर त्याची पकडच येत नाही. टाइल ॲडहेसिव्हची 20 किलोची बॅग येते, त्यावर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा नंबर आणि टाइप लिहिलेला असतो. टाइप 1 घेऊ नका, तो सिमेंटच्या साध्या पृष्ठभागासाठी. बॅगवर टाइल-ऑन-टाइलला चालेल असं छापलेलं असेल तीच घ्या. जुन्या फरशीवर आधी ग्राइंडरने आडवेतिडवे ओरखडे काढायचे, साबणाचा थर धुवून टाकायचा आणि मग दातेरी थापीने ॲडहेसिव्ह ओढायचं. टाइलच्या चार कोपऱ्यांना आणि मधे गोळे ठेवून टाइल दाबायची जुनी सवय असते गवंड्यांना, तसं केलं तर खाली पोकळी राहते आणि बादली आपटली की टाइल फुटते.

वरून टाइल लावली की लेव्हल साधारण अर्धा इंच वर येते, हे आधीच बघा. आमचा उंबरा इंचभर उंच होता म्हणून वाचलो. नहाणी ट्रॅपची जाळी वर घ्यावी लागली, त्याला प्लंबर वेगळा. आणि उतार! शेवटची टाइल बसवायच्या आधी लेव्हल ट्यूब राहू द्या, सरळ एक मग पाणी कोपऱ्यात ओतून ते जाळीकडे जातंय का बघा. आमचं एका बाजूला थांबत होतं, तिथल्या तिथे दोन टाइल उचलून नीट करून घेतल्या. ॲडहेसिव्ह ओलं असताना हे दहा मिनिटांचं काम, नंतर आयुष्यभराची कटकट.

आता दुकान. कात्रज-कोंढवा रस्त्यावर मार्बल-टाइल्सची दुकानं ओळीने आहेत, त्यातल्या एकात 'लॉटचा माल' मिळाला, म्हणजे मोठ्या साइटचे उरलेले बॉक्स. आपल्याकडच्या बहुतेक टाइल गुजरातमधल्या मोरबीहून येतात, आणि कंपनीने ते डिझाइन बंद केलं की दुकानदाराला उरलेले चार-पाच बॉक्स नुसती अडचण असते. बाथरूमची फरशी 26 स्क्वेअर फूट, मला तीनच बॉक्स हवे होते, त्यामुळे असा माल म्हणजे पर्वणीच. साडेतीनशेला बॉक्स दिला, आधी पाचशे सांगितला होता. पण दुकानाला मी तीनच स्टार देईन. एक तर बॉक्सवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर त्यांनी स्वतःहून दाखवला नाही, मी बघितला तेव्हा तिसरा बॉक्स वेगळ्या बॅचचा, म्हणजे रंगात जरा फरक असलेला निघाला, आणि मालक म्हणतात "मॅडम, लावल्यावर कळत नाही." कळतं हो. बदलून दिला, पण कुरकुरत. दुसरं, पक्कं बिल मागितलं की 18 टक्के जीएसटी वरून लावणार असं सांगतात, भाव ठरवताना मात्र त्याबद्दल अवाक्षर नाही. आधीच विचारून घ्या.

टाइलवर चिकटवायचे ते ऑनलाइन स्टिकर पण मी मागवून बघितले. बेसिनच्या वरच्या कोरड्या भागात ठीक, शॉवरखाली कडा सुटायला लागल्या आणि आत पाणी शिरून वास. एक स्टार, तो पण डिझाइनसाठी. टाइल पेंट मी लावला नाही, खालच्या मजल्यावर लावलाय तो बघितला, वर्षभरात बादली ठेवायच्या जागी सोलून निघालाय, म्हणून त्या वाटेला गेलेच नाही.

हिशोब असा : मजुरी सगळी मिळून साडेदहा हजार, एपॉक्सी दोन हजार चारशे, फरशीच्या टाइल हजार-एक, ॲडहेसिव्ह साडेसहाशे, प्लंबर आठशे, आरसा दीड हजार, बाकी सिलिकॉन, ब्लेड, टेम्पो धरून अठराच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा मजुरीचा, मालात काटकसर करून फार काही वाचत नाही, चांगल्या माणसाला दोनशे रुपये जास्त द्या. राडारोडा फक्त दोन गोण्या निघाला, सोसायटीच्या सेक्रेटरींचा एकही फोन आला नाही, हे मी तर वेगळं बक्षीस समजते.

पाऊण स्टार कापला तो धूळ आणि त्या पुसापुशीसाठी. दाराच्या वरच्या बाजूला एका टाइलवर एपॉक्सीचा धूसर डाग राहिलाच आहे, उजेड तिरका पडला की दिसतो.

आणि हो, खालच्या फ्लॅटच्या सीलिंगला ओल असेल तर यातलं काही करू नका. गळती फरशीच्या खालच्या वॉटरप्रूफिंगमधून किंवा पाइपमधून असते, वरून एपॉक्सी भरलं की थोडे दिवस थांबल्यासारखी वाटते आणि मग दुसरीकडून निघते. तिथे फोडून, कोबा नव्याने करून, पाणी भरून टेस्ट घ्यायलाच लागते, आणि तो खर्च वीस हजारात बसत नाही.