शॉर्ट सेलमध्ये हातात पैसे: बँकेच्या संमतीने की खरेदीदाराकडून परस्पर?

अमेरिकेत घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली आणि हप्ते झेपेनासे झाले, की शॉर्ट सेलचा विषय निघतो. म्हणजे बँक कर्जापेक्षा कमी पैसे घेऊन घर विकू देते. तोटा तिचा, म्हणून विकणाऱ्याला एरवी काहीच मिळत नाही. तरी पैसे मिळण्याचे दोन मार्ग कानावर येतात.

पहिला, बँकेच्या मंजुरीने मिळणारा स्थलांतर खर्च. सरकारच्या 'हाफा' योजनेत 2010 पासून 3,000 डॉलर मिळत. 2015 मध्ये ते 10,000 झाले आणि 2016 अखेर योजनाच बंद झाली. एफएचए कर्जात, म्हणजे सरकारी विमा असलेल्या गृहकर्जात, स्वतः त्या घरात राहणाऱ्याला आजही अटींवर 3,000 पर्यंत मिळू शकतात. रक्कम लहान, पण क्लोजिंगच्या, म्हणजे विक्री पूर्ण होतानाच्या, हिशेबात नोंदलेली.

दुसरा, खरेदीदाराशी परस्पर सौदा. "फ्रिज, सोफ्याचे पाच हजार वेगळे देतो, करारात नको." हे अजिबात करू नका. विकणारा, घेणारा आणि एजंट अशा सगळ्यांना सहसा लिहून द्यावं लागतं की कागदाबाहेर कुठलाही व्यवहार नाही आणि आपसात नातं नाही. भावाच्या नावावर घर घेऊन तिथेच राहायचा बेत त्यामुळेच बारगळतो. पैसे लपवले तर ती बँकेची फसवणूक ठरते, आणि केंद्रीय कायद्यात त्याला 30 वर्षांपर्यंत कैद आहे. सामान खरंच विकायचं असेल तर आधी बँकेला कळवा.

माझ्या मते या दोन्हींपेक्षा मोठा पैसा मंजुरीच्या पत्रात असतो. समजा कर्ज 4 लाख, विक्री 3 लाख 30 हजार. उरलेले 70 हजार बँक मागणार का? पत्रात फक्त घरावरचा बोजा उतरवल्याचं लिहिलं असेल, तर अनेक राज्यांत ती मागू शकते. 'कर्ज पूर्ण फिटलं' असं स्पष्ट हवं. कॅलिफोर्नियात 2011 पासून चार घरांपर्यंतच्या निवासी इमारतीत, बँकेने शॉर्ट सेल मंजूर केल्यावर ही वसुली करता येत नाही. न्यू जर्सीत असं सरसकट संरक्षण नाही. स्थलांतराचे तीन हजार आणि ही माफी यांत एकच पदरात पडणार असेल, तर बिनदिक्कत माफी घ्या.

माफ झालेली रक्कम मात्र कराच्या दृष्टीने उत्पन्न धरली जाऊ शकते. माफीच्या वेळी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील, तर त्या फरकापुरती कर खात्याचा फॉर्म 982 भरून सूट मिळते. सही करण्याआधी करसल्लागाराकडून हा आकडा काढून घ्या.