‘जर्मन’ चासी, कस्टमचे पैसे आणि माझे १७,००० रुपये

माझे आजोबा मुंबईत ट्राम चालवायचे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते. आजोबांचा हात धरून त्यांनी ती गर्दी पाहिली होती. यंदा बाबांसाठी दुमजली ट्रामची चालती प्रतिकृती करायची, असं मी ठरवलं. प्लॅस्टिकच्या शीट कापून वरचा सगळा ढाचा मी घरीच केला, त्यात चार महिने गेले. मुंबईच्या ट्रामच्या रुळांतलं अंतर १४३५ मिमी होतं. १:८७ प्रमाणात ते बरोबर साडेसोळा मिमी होतं, म्हणजे एचओचे (याच १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचे) तयार रूळ जसेच्या तसे चालतात. आपल्या ब्रॉडगेजच्या गाड्या करणाऱ्यांच्या नशिबी हे सुख नाही.

अडलं ते मोटरची चासी (मोटर आणि चाकं बसवलेला खालचा सांगाडा), रूळ आणि वरच्या तारेपाशी. हे सामान आपल्याकडे सहज मिळत नाही. महिनोन्‌महिने शोधणारा माणूस ते दिसताच किती हरखतो, हे मला फसवणाऱ्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं.

हा विक्रेता मला ऑनलाइन भेटला. सुरुवातीला त्याच्याकडून ४०० रुपयांची चाकं मागवली. ती चार दिवसांत आली आणि उत्तम निघाली. त्या ४०० रुपयांत त्याने माझा विश्वास विकत घेतला, हे आता कळतंय. मग त्याने ‘जर्मन बनावटीची, न वापरलेली’ चासी ९,५०० रुपयांना आणि निकेल सिल्व्हरचे रूळ व फॉस्फर ब्राँझची तार मिळून ३,२०० रुपयांना देऊ केली. चासी चालतानाचा व्हिडिओही पाठवला. चासीशेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून पुन्हा व्हिडिओ काढा, असं मी म्हटलं, तर माल जर्मनीहून थेट निघणार आहे, असं उत्तर आलं. मी तिथेच थांबायला हवं होतं. पैसे पाठवले.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला: पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आजच ४,३०० भरले नाहीत तर परत जाईल. पैसे कुणा तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर मागितले. सीमाशुल्क सरकारजमा होतं, त्याची पावती मिळते, ते कुणाच्या खासगी खात्यात जात नाही. मला हे माहीत होतं, तरी भरले. चार महिन्यांची मेहनत डोळ्यांसमोर होती.

पार्सल आलं ते देशातल्याच कुरिअरने. परदेशी तिकीट नाही, कस्टमची चिठ्ठी नाही. चासी उघडली तर आत एन-२० नावाची छोटी, स्वस्त मोटर. मुलीच्या शाळेच्या रोबोटसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून हीच मोटर मी किरकोळ पैशांत आणली होती. प्लॅस्टिकचं दातेरी चाक आसावर तडकलेलं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज यायचा. रुळाला फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं, चिकटलं. तारेलाही चिकटलं. निकेल सिल्व्हर किंवा फॉस्फर ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही. हे साधं लोखंड होतं, तारेला वरून तांब्याचा मुलामा. जूनअखेर रुळांवर गंज चढला आणि गंजलेल्या रुळातून मोटरला वीज धड मिळत नाही. तुमच्याकडे असा माल आला असेल, तर आधी चुंबक लावा.

जाब विचारायला गेलो तर आमचं बोलणंच गायब. त्याने पहिल्याच दिवशी चॅटमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू केले होते आणि माझं लक्षच गेलं नाही. व्हिडिओ, किंमत, ‘जर्मन’ हा शब्द, काहीच उरलं नव्हतं. हाती होते फक्त बँकेचे व्यवहार क्रमांक. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? पाच आठवडे झाले होते, तोवर रक्कम त्या खात्यांतून पुढे गेलेली. त्याच दिवशी फोन केला असता तर निदान कस्टमचे ४,३०० अडवता आले असते. संशय येताक्षणी १९३० लावा, पार्सलची वाट बघत बसू नका. स्क्रीनशॉट पहिल्या मेसेजपासून काढत जा.

बाबांना मी अजून हे सांगितलेलं नाही. ट्रामचा ढाचा कपाटावर कापडाखाली आहे.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. चासी हिरव्या कटिंग मॅटवर ठेवलेली, डाव्या कोपऱ्यात स्टीलची पट्टी, मागे निळ्या पडद्याची कड. किंमत आता ११,००० आहे.