ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी एफडी गेली

माझी मावशी मुलुंडला एकटी राहते. निवृत्त शिक्षिका आहे. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे तिला पाठ आहे आणि ती ते कसोशीने पाळते. त्या संध्याकाळीही तिने फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगितला नाही, पिन सांगितला नाही. तरीही रात्री साडेदहाच्या आत तिची साडेचार लाखांची एफडी मोडून पैसे खात्याबाहेर गेले. हे कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण घरात पाइपचा गॅस असलेल्या कुणालाही उद्या असाच मेसेज येऊ शकतो.

मेसेज व्हॉट्सॲपवर आला. ‘आपले मागील बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता गॅस पुरवठा बंद करण्यात येईल. त्वरित अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ डीपीला गॅस कंपनीचा लोगो, खाली साधा दहा आकडी मोबाइल नंबर. मावशीने बिल भरलेलं होतं, म्हणून तर तिला राग आला आणि तिने फोन लावला. या चोरांना माणसं बरोबर कळतात. ज्याचं बिल थकलंय तो घाबरून फोन करतो आणि ज्याने भरलंय तो जाब विचारायला करतो.

पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. ‘मॅडम, आपने बिल भरा है, मुझे दिख रहा है. सिर्फ सिस्टम में अपडेट नहीं हुआ.’ त्याने चूक कंपनीवर घेतली आणि मावशी तिथेच निवळली. मग त्याने एक फाइल पाठवली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी. ती उघडताना फोनने इशारा दिला होता की अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप धोक्याचं असू शकतं. ‘वो तो सबको आता है, अलाउ कर दीजिए.’ पाठोपाठ ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. तीही दिली गेली.

खरी चोरी त्या परवानगीत आहे. पुढे स्क्रीनवर बिल भरायचं पान आलं, हुबेहूब खरं वाटणारं. अपडेट शुल्क दहा रुपये. कार्डाचा नंबर, मुदत आणि पिन टाका. तोंडाने कुणाला काही सांगायचं नव्हतं, फक्त टाइप करायचं होतं. कार्डाची माहिती अशी हातात आली की नेट बँकिंगचा पासवर्ड बदलायला उरतो फक्त ओटीपी, आणि तो मावशीच्या फोनवर येताच ॲप परस्पर चोराकडे पाठवत होतं. तिला मेसेज आल्याचं दिसलंही नाही. ‘आधा घंटा फोन को हाथ मत लगाइए, अपडेट चल रहा है,’ असं सांगून त्याने फोन ठेवला. तेवढ्या वेळात एफडी मोडली गेली, पैसे बचत खात्यात आले आणि तिथून वेगवेगळ्या खात्यांत गेले. ही खाती चोरांच्या नावावर नसतात. चार पैशांच्या लोभाने कुणीतरी भाड्याने दिलेली असतात.

आम्हाला कळलं ते केवळ तिच्या खात्याला माझा ई-मेल जोडलेला होता म्हणून. एफडी बंद झाल्याची बँकेची मेल मला आली. मी फोन केला तर मावशी म्हणाली, ‘अगं, फोन खूप तापलाय, बाजूला ठेवलाय.’ तिला वायफाय बंद करून सिम काढून ठेवायला सांगितलं आणि माझ्या फोनवरून १९३० लावला. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची ही देशभराची हेल्पलाइन आहे. तिथे बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. तो यूटीआर क्रमांक बँकेच्या मेलमध्ये होता, म्हणून पटकन सांगता आला. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं आणि तिथे जे शिल्लक असेल ते अडवलं जातं. ‘शिल्लक असेल ते’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. आमच्यातले सुमारे सव्वा लाख अडले, बाकीचे तोवर एटीएममधून निघाले होते. अडवलेले पैसे परत मिळायलाही न्यायालयाचा आदेश लागला.

दुसऱ्या दिवशी बँकेत उत्तर मिळालं, ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा.’ इथे रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक कामाला आलं. त्यात म्हटलंय की ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. शिवाय जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच आहे. म्हणून बँकेला फोनवर सांगून थांबू नका. लेखी द्या, तारीख-वेळेसह पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आमची तक्रार तिथे गेली आहे. आणखी एक, फोन फॉरमॅट करण्याआधी मेसेज, नंबर आणि त्या ॲपचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पोलिसांना तेच लागतात. कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ##००२# डायल करून ते रद्द होतात, तेही करून घ्या.

घरात मात्र जे झालं त्याचा मला अजून संताप येतो. ‘एवढी शिकलेली, तुला कळलं नाही?’ असं तिला तिच्याच माणसांनी ऐकवलं. असं बोलणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं की पुढच्या वेळी ती व्यक्ती गप्प बसेल आणि १९३० ला फोन करायचा सगळ्यात मोलाचा तास त्या गप्प बसण्यात जाईल. गुन्हा चोराने केला आहे. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणाऱ्याला आयटी कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

गॅसच्या जागी कधी वीजबिल येतं, कधी केवायसी, कधी खाकी वर्दीतला व्हिडिओ कॉल. व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचं भासवतात ती ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही सांगितलं होतं. बँकांनी ग्राहकांना सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. साध्या मोबाइल नंबरवरून कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला तर फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः फोन करा.

मावशीच्या फोनमध्ये आता व्हॉट्सॲप आणि ब्राउझर या दोन्हींची ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी बंद आहे. सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ असं शोधलं की सापडते. यूपीआयला घरखर्चापुरतं वेगळं खातं जोडलंय. उरलेल्या एफडीची ऑनलाइन मोडायची सोय शाखेत अर्ज देऊन बंद करून घेतली. तिच्या बँकेत हे करता आलं, तुमच्या शाखेत विचारून बघा. आणि आईवडिलांच्या खात्याला स्वतःचा ई-मेल आजच जोडून घ्या.