डावं पायडल : स्लीव्हच्या ऑपरेशननंतर आठ महिने घरातली सायकल

ऑगस्टमधली गोष्ट. पहाटे पावणेसहाला चालत्या सायकलीचं डावं पायडल माझ्या पावलासकट निघून आलं. पट्ट्यात पाऊल अडकलेलं आणि खाली पायडल लोंबकळतंय. हँडल घट्ट धरलं होतं म्हणून पडले नाही, पण मोकळा दांडा फिरून पोटरीवर असा बसला की पुढे आठवडाभर तिथे जांभळा डाग होता. हा अनुभव लिहायचं तेव्हाच ठरवलं. राग शांत व्हायला मात्र ऑक्टोबर उजाडला.

सायकल म्हणजे घरात एका जागी उभी असते ती. चुंबकी, सरळ बसायची, टेन्शनच्या (पायडल किती जड करायचं त्या) नॉबला आठ टप्पे, पुढे छोटा पडदा, वजनाची मर्यादा ११० किलो, किंमत ११,४९९ रुपये. बाकीची माहिती तुम्ही विकणाऱ्याच्या पानावर वाचलीच असेल, ती परत लिहीत नाही.

आधी माझ्याबद्दल. वय ४७, अमळनेरला शिवणकाम करते, ब्लाउजचे क्लास घेते. नोव्हेंबरमध्ये नाशिकला वजन कमी करायचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालं तेव्हा वजन १२१ होतं. यात दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरते ती एक नळी. "केळ्याएवढं पोट राहील," असं डॉक्टर म्हणाले. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, मिस्टरांनी लगेच विचारलं, रावेरचं केळं की वेलची? डॉक्टर हसले, उत्तर काही दिलं नाही. आणि ऑपरेशन नोव्हेंबरात करून घेऊ नका, हा फुकटचा सल्ला. घराघरात भरताची वांगी भाजली जात असतात आणि आपण वाटीभर वरणाचं पाणी चमच्याचमच्यानं पीत बसायचं.

चालणं ऑपरेशनच्या संध्याकाळपासूनच होतं, वॉर्डातल्या वॉर्डात. घरी आल्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे नळ आला की भरलेली बादली बघायची आणि मुलाला हाक मारायची. पोटाचे व्यायाम तर डॉक्टर 'करा' म्हणेपर्यंत अजिबात नाहीत, टाक्यांच्या जागी हर्निया होण्याची भीती असते. दीड महिन्यानं बोरी नदीच्या पुलाकडे चालायला जाऊ लागले आणि तिथे गुडघ्यांनी हात टेकले. वजन उतरत होतं तरी शंभराच्या वर होतंच. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं की अंगावरचं एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. ऐकायला छान वाटलं, पण ज्यांचे अजून चाळीस उतरायचेत त्यांनी तोवर करायचं काय? बाई म्हणाल्या, बसून करायचा व्यायाम शोधा, सायकल नाहीतर पाणी.

पाण्याचा व्यायाम सगळ्यात चांगला, यात वाद नाही. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर पायांवर वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. पण बायकांना सोयीची वेळ असलेला तलाव मला जवळपास मिळाला नाही, आणि पोहण्याचे कपडे घालून गावातून जायची माझी हिंमतही नव्हती. खरं तेच लिहिते. ट्रेडमिल मिस्टरांच्या मनात होती. तिला वीज लागते, आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि पट्टा चालता चालता बंद पडला तर माझं काय होईल हा विचार त्यांनी केला नव्हता. शिवाय किंमत तिप्पट. या सायकलीला दोन पेन्सिल सेल लागतात, तेही फक्त पडद्याला.

फेब्रुवारीत वजन १०१ झालं तेव्हा घेतली. हे मुद्दाम सांगते. ११० ची मर्यादा असलेल्या सायकलीवर १२१ च्या बाईनं बसायचं नाही, आणि ९-१० किलोची मोकळीक ठेवूनच बसायचं. ऑपरेशनच्या आधीच हौसेनं मागवून ठेवणाऱ्या दोघीजणी मला माहीत आहेत, एकीनं सीटचा खांबच वाकवला.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "इतला पैसा दिसनी, ती सायकल कोठेच जात नही!" म्हणजे एवढे पैसे देऊन ती कुठेच जात नाही.

पहिले तीन महिने मी या सायकलीवर खूश होते, अगदी भरभरून. आवाज नाही, चाकाला पट्टा असल्यानं तेलपाणी नाही. पायमशीनवर वीस वर्षं पाय मारलेत, ताल आपोआप जमला. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, नॉब दोनवर. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत गेले. डॉक्टरांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली होती, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही तोच आहे. एप्रिलपर्यंत मी रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस करत होते. जोर किती लावायचा हे कळायला घड्याळ नको की बँड नको. मी आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं म्हणून बघते. बोलता येतंय पण गाण्याची ओळ एका दमात पुरी होत नाही, म्हणजे बरोबर. ओळ पुरी झाली तर नॉब एकनं वर. बोलताच येईना तर खाली.

पडद्यावरच्या कॅलरीवर विश्वास ठेवू नका. मी अर्धा तास पाय मारले आणि भाच्यानं, जो ५२ किलोचा आहे, त्यानं त्याच वेगानं अर्धा तास मारले, दोघांचा आकडा जवळजवळ सारखा. वजन किती हे त्या पडद्यानं विचारलेलंच नाही, मग त्याला कळणार कुठून! सेल बदलले की किलोमीटरही शून्यावर येतात. मी आपली टेप लावते. छाती, कंबर, दंड, महिन्याच्या एक तारखेला, वहीत. एकाच ब्लाउजला चार वेळा आत शिवण घेतली, पाचव्यांदा टक्स कुठे घ्यावेत तेच कळेना, तेव्हा नवा बेतला. वजनकाट्यानं मला एवढा आनंद कधी दिला नाही.

मे महिन्यात पहिला दणका बसला, आणि त्यात सायकलीचा दोष नव्हता. आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो हे सांगायला नको. ज्यांचं पोट शाबूत आहे ते घामाघूम होऊन येतात आणि तांब्याभर पाणी घटाघटा पितात. स्लीव्हवाल्याला ते जमतच नाही. घोट-घोट प्यायचं, जेवणाच्या आगेमागे अर्धा तास पाणी नाही, आणि एकदम प्यालं तर छातीत असं दाटतं की नको ते पाणी. एक दिवस क्लासमुळे सकाळ चुकली म्हणून संध्याकाळी सहाला बसले. पंधराव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी. सासूबाईंनी खाली ओढून फरशीवर आडवं केलं. दुसऱ्या दिवशी रक्तदाब मोजला तर चांगलाच खाली. वीस-पंचवीस किलो उतरले तरी बीपीची गोळी मी जुन्याच मापानं घेत होते. डॉक्टरांनी ती अर्धी केली. तेव्हापासून पहाटे पाचला उठून तासाभरात पेलाभर पाणी घोट-घोट संपवायचं आणि मगच सायकल. खानदेशात उन्हाळ्यात व्यायामाची वेळ सवडीनं ठरत नाही, पोटात पाणी किती गेलंय त्यावर ठरते.

जूनमध्ये मत आणखी बदललं. वजन ८६, कौतुक सगळीकडे, पण कापड कापताना हात भरून यायला लागला. आधी मी आठ पदर एकत्र कापायची, आता चार पदरांना कात्री थांबायची. जमिनीवर बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येईना. केसही मुठीमुठीनं गळत होते, ते मात्र ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बहुतेकांचे गळतात आणि पुढे येतात, माझेही आता येतायत. हाताचं मात्र आपोआप येणारं नव्हतं. चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि सायकल मांड्यांना कामाला लावते, दंडाला नाही. आधी मला वाटायचं सायकल एवढीच पुरे, पण "सायकल एके सायकल" चालत नाही, हे मान्य. आता आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न लावता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, आणि ओढायचा रबरी पट्टा. पट्टा ३०० रुपयांचा. ते वाचवायला मी आधी सलवारीचं दोन इंची इलास्टिक दारात बांधून ओढलं होतं. गाठ सुटून ते गालावर बसलं. दिवसभर क्लासच्या मुली माझ्याकडे बघून तोंड फिरवून हसत होत्या.

प्रोटीन दिवसाला साठ ग्रॅमच्या पुढे जायला हवं, नाहीतर हा सगळा व्यायाम पाण्यात. पावडरीचे डबे माझ्या जिवावर येतात, चवीनंही आणि किमतीनंही. एक डबा संपवला आणि त्यानंतर अंडी, पनीर, आणि सकाळच्या व्यायामानंतर तुरीच्या डाळीचे फुनके, वाफवलेले, वर तेल न ओतता. तेल न ओतलेले फुनके हा माझ्या माहेरी गुन्हा आहे.

जुलैत सीट. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. १०१ किलोला मऊ वाटणारी सीट ८४ ला दगड झाली. सीट तीच, बदलले मी. बसायच्या हाडांवरची गादी उतरली की हाडं थेट टेकतात, माकडहाडही दुखतं. मी जुन्या जीन्सचं कव्हर शिवून आत दोन इंच फोम घातला. चूक. एवढ्या मऊवर कंबर डावी-उजवी डुलते, आणि सीट दोन इंच उंच झाल्यानं पाय खाली पार ताठ व्हायला लागला. पायडल खाली असताना गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. फोम एक इंचाचा केला, सीट एक खाच खाली घेतली, आता ठीक. कव्हराचं बेतलेलं माप कुणाला हवं असेल तर देईन.

आता डावं पायडल.

सायकल जोडायला कंपनीनंच मुलगा पाठवला होता. वीस मिनिटांत जोडून गेला. डावं पायडल बसवताना त्यानं पाना दोनदा अडवला, शिवी हासडली, पाय देऊन दाबलं, आणि "थोडं टाइट आहे काकू, बसेल" म्हणाला. मी चहा टाकत होते. तेव्हाच हटकायला हवं होतं. जूनमध्ये दर फेरीला एक 'टक' यायला लागलं. शिवणमशीनचा एखादा भाग सैल झाला की कसा आवाज येतो ते मला कळतं, हेही कळायला हवं होतं. आवळून बघितलं, दोन दिवस बरं, परत टक.

तुटल्यावर कंपनीला चार फोन केले. मॅम, व्हिडिओ पाठवा. पाठवला, तर अंधार आहे. दुसरा पाठवला, तर आडवा हवा. तिसरा पाठवला, त्यात पायडल हातात धरून दाखवलं, जसं पोलिसांना मुद्देमाल दाखवतात. नऊ दिवसांनी उत्तर आलं की पायडल, सीट, पट्टे हे झिजणारे भाग, वॉरंटीत नाहीत, आणि आटे खराब झालेत ते ग्राहकाच्या चुकीच्या जोडणीमुळे. ग्राहकाच्या! जोडणाऱ्याच्या टीशर्टवर कुणाचं नाव होतं? नवा दांडा १,८५० आणि माणूस यायचे ४९९.

मी मिस्टरांना स्कूटरवर मागे बसवलं, दांडा पिशवीत, आणि लेथवाल्याकडे गेले. त्यानं आट्यात बोट फिरवलं आणि एका क्षणात सांगितलं, "डावा पायडलना आटा उलटा ऱ्हातस, ताई. सुलटा फिरवीसन दाबेल शे."

सगळ्या सायकलींना असंच असतं म्हणे. उजवं पायडल नेहमीसारखं आवळतं, डावं उलट्या दिशेनं. दोन्ही एकाच दिशेचे आटे असते तर पाय मारता मारता डावं आपोआप सैल होत गेलं असतं. ओळखायची खूण सोपी: पायडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, आणि पाना वरच्या बाजूला धरून सायकलीच्या पुढच्या टोकाकडे ढकलला की दोन्ही आवळतात. आधी हातानं तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत, पाना त्यानंतर. हातानं जात नसेल तर थांबा. जोडायला मुलगा आला तर चहा नंतर टाका, आधी त्याच्या डोक्यावर उभ्या राहा.

लेथवाल्यानं भोक मोठं करून आत उलट्या आट्यांचा बुश बसवला, ३०० रुपये. पायडलची नवी जोडी १८०, सायकलवाल्यानं दांडा काढून परत चढवला त्याचे ५०. एकूण ५३०. कंपनीच्या २,३४९ शी तुलना मी मिस्टरांना तीन वेळा ऐकवली आहे, पाहुण्यांना किती वेळा ते मोजलेलं नाही.

आज वजन ७९. गुडघे जिना चढताना बोलत नाहीत, पुलाकडेही परत चालायला जाते. सायकल घ्यावी का? घ्या, पण यापेक्षा महाग घेऊ नका, आणि तुमच्या वजनाच्या वरची मर्यादा बघून घ्या. पाच पैकी चार तारे दिले असते. डाव्या पायडलचा एक कापला, नऊ दिवसांचा अर्धा.

१५ नंबरचा पाना आता मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी असतो, दर रविवारी दोन्ही बाजू आवळते. आज सकाळपासून उजवीकडून बारीक टक येतंय. उजवे आटे तरी सुलटे आहेत, रविवारी बघते.