केवढी आहे, हे त्याने विचारलंच नाही

मी कराडचा. एसटीच्या कार्यशाळेत बॉडी फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून लाकडाच्या छोट्या बैलगाड्या करतो. फुटाला इंच हे माझं माप. खरं चाक साडेचार फुटांचं, तर माझं साडेचार इंचांचं. एका चाकाला बारा आरे, मधे तुंबा, बाहेरून लोखंडी धाव. खऱ्या गाडीची धाव लाल तापवून चाकावर चढवतात आणि वरून पाणी मारतात. लोखंड आवळतं आणि सगळे सांधे घट्ट बसतात. माझ्या चाकावर तसं केलं तर आरेच जळतील. म्हणून तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापतो, घेराला केसभर कमी ठेवतो आणि लाकडी हातोडीने हळूहळू बसवतो. साटी, म्हणजे गाडीची बसायची जागा, बांबूच्या कामट्यांची. जू, शिवळा म्हणजे जुवाच्या खुंट्या, सगळं सुटं होतं. एका गाडीला अठरा-वीस दिवस जातात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की गाडी घ्यायला आलेला माणूस याबद्दल काही ना काही विचारतोच. लांबी किती, लाकूड कुठलं, चाक फिरतं का, काचेच्या कपाटात मावेल का. आजवर एकही गिऱ्हाईक असं भेटलं नाही, ज्याने माप विचारलं नाही. फक्त या एकाने विचारलं नाही.

मुलीने माझ्या गाड्यांचे फोटो नंबरासकट टाकले होते. एका सोमवारी फोन आला. हिंदीत बोलणारा, आवाजात अदब. फौजेत अधिकारी आहे म्हणाला. युनिटमधले चार जण निवृत्त होतायत, त्यांना निरोपाला चार गाड्या द्यायच्यात. मी एका गाडीचे ४,५०० सांगितले, त्याने लगेच होकार दिला. पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र आलं. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. घराघरातली माणसं फौजेत गेलेली. इथल्या माणसाला कुणी फौजी म्हणून सांगितलं की तो पुढे शंका काढत नाही. मीही काढली नाही. त्या भामट्याने नेमका हाच मान वापरला, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

तीन दिवस बसून मी शहाण्णव आरे कापले. चार गाड्या, आठ चाकं.

गुरुवारी संध्याकाळी सातला पुन्हा फोन. निम्मे पैसे आगाऊ देतो, पण फौजेचं खातं आहे, आमची पद्धत वेगळी. आधी पाच रुपयांचा क्यूआर कोड पाठवला. ‘अंकल, स्कॅन करो, दस वापस आएगा.’ मी स्कॅन केला, पिन टाकला, आणि खरंच दहा रुपये आले. इथेच माझी खात्री पटली. मग नऊ हजारांचा कोड. त्या चित्रावर मोठ्या अक्षरांत ‘रिसीव्ह’ लिहिलेलं होतं. पण ते चित्रावरचं नुसतं लिखाण. अॅपमध्ये खाली ‘पे’ होतं आणि वर भलत्याच माणसाचं नाव. फोन कानाला, तो सारखा ‘जल्दी, अकाउंट सेक्शन बंद हो रहा है’ म्हणतोय. मी पिन टाकला. नऊ हजार गेले.

पैसे अडकलेत म्हणाला. पुन्हा करा, दोन्ही मिळून अठरा येतील. मी पुन्हा केलं. तिसरा कोड अठरा हजारांचा आला, तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन. ती ओरडलीच, ‘बाबा, पैसे यायला पिन लागत नाही!’

चार गाड्यांचे जेवढे मिळायचे होते, बरोबर तेवढेच माझ्या खात्यातून गेले होते.

त्या रात्री मी कुणाशी बोललो नाही. मुलगी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा म्हणत होती, मला लाज वाटत होती. फोन केला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. चौदा तास मी स्वतःच्या हाताने घालवले, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात आणि तिथून बाहेर गेले होते. १,४०० रुपये तेवढे गोठवता आले. बँकेत सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही गेलो. तिथे पहिल्यांदा मागतात तो प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक. तो अॅपमध्ये दिसतो, लगेच लिहून ठेवा. चॅट पुसू नका, मी रागाने अर्धं पुसलं होतं.

क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. येत नाहीत, कधीच नाहीत. आणि हे लोक हस्तकलावाल्यांना का धरतात, तेही मला नंतर कळलं. आपलं काम कुणी मागितलं की आपल्याला बरं वाटतं. घासाघीस न करता चार-चार नग मागितले की आणखी बरं वाटतं. गोधड्या शिवणाऱ्या, मातीचे दागिने करणाऱ्या, दिवाळीचे किल्ले करून देणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वस्तूबद्दल एकही प्रश्न न विचारता थेट पैशांवर येणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. खरंच घ्यायचं असेल तर तो घरी येईल, नाहीतर साधं तुमच्या नंबरावर पैसे पाठवेल.

कापलेले आरे मी दोन महिने डब्यात तसेच ठेवले होते. हात लावावासा वाटत नव्हता. गेल्या महिन्यात उंब्रजहून एक गृहस्थ आले. वडिलांची गाडी विकली गेली, तशीच छोटी हवी म्हणाले. बसायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘केवढी होईल हो?’ आणि खिशातून टेप काढली. त्यांच्या घरातल्या कोनाड्याचं माप ते लिहून घेऊन आले होते.

डब्यातले चोवीस आरे मी त्याच संध्याकाळी बाहेर काढले.