एव्हशमचं शेतदुकान, तिथली शतावरी आणि आमचा संत्रा

लेकीच्या बाळंतपणासाठी मी यंदा एप्रिलच्या शेवटी इंग्लंडात वूस्टरला गेले आणि सप्टेंबरच्या मध्यात विदर्भात, आमच्या संत्र्याच्या गावी बेनोड्याला परत आले. आल्यापासून ओट्यावर टेकणारा जो-तो एकच विचारतो, "काकू, तिकडं खाल्लं काय तुम्ही?" शेजारची पोरगी जानेवारीत बर्मिंगहॅमला शिकायला चालली आहे, तिची माय तर वही घेऊनच बसली. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. तिकडं सगळं बेचव असतं असं आपल्याकडे बोलतात, ते खरं नाही. चव आहे, पण ती ठरावीक जागी आणि ठरावीक दिवसांतच सापडते. ते दिवस हुकले की तीच भाजी घेऊन या, नुसता चोथा चावावा लागतो.

पहिल्या आठवड्यात जावई मला मोठ्या सुपरमार्केटात घेऊन गेले. बाळंतिणीसाठी शेपू पाहिजे होता. मिळाला, पण एवढ्याशा पाकिटात चार काड्या. तिथले लोक तो मासळीवर भुरभुरायला नेतात. आपल्या आठवडी बाजारात शेपूची जुडी बगलेत धरून आणतात. मग शेपू, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर यांच्यासाठी आम्ही रेल्वेनं बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल भागात जाऊ लागलो. स्ट्रॅटफर्ड रोडवर ओळीनं दुकानं आहेत, हिरव्या मिरचीपासून भेंडीपर्यंत सगळं मिळतं. त्या पोरीला घरच्या जेवणाची अडचण पडणार नाही, एवढं तिच्या मायनं लिहून घ्यावं.

त्या सुपरमार्केटातच माझी नजर जाळीच्या पिशवीतल्या संत्र्यांवर गेली. पिशवीवर नाव काय, तर 'ईझी पीलर'. म्हणजे सोलायला सोपं. जात कोणती, पीक कोणत्या भागातलं, काही नाही. देशाचं नाव तेवढं होतं, कारण ताज्या फळ-भाजीवर देश लिहिणं तिथं कायद्यानं भाग आहे. मेमध्ये मोरोक्को होता, जुलैत दक्षिण आफ्रिका. साल खरंच पटकन सुटत होती, पण फोड तोंडात टाकली तर गोड पाणी. आपल्या आंबियाच्या, म्हणजे थंडीतल्या फुलोऱ्यातून येणाऱ्या बहाराच्या फळाला जी आंबटगोड ओढ असते, ती नाही. तीस वर्षं मी बगीच्यात राबले आहे. फळाला नुसतं 'सोलायला सोपं' म्हणून विकलेलं पाहून मला वाईट वाटलं.

आणि तिथंच दोन पावलांवर आलूची पिशवी, तिच्यावर ठळक अक्षरांत 'जर्सी रॉयल'. जर्सी नावाच्या छोट्या बेटावर उतारांच्या शेतात हा आलू पिकतो. समुद्राचं शेवाळ शेतात टाकायची तिथं जुनी रीत आहे. बेटाबाहेरच्या आलूला ते नाव लावता येत नाही. साल इतकी पातळ की अंगठ्यानं घासली की निघते. मिठाच्या पाण्यात पुदिन्याची काडी टाकून उकडायचा आणि वर लोणी. एप्रिल ते जून हे त्याचे दिवस. आपल्या नागपुरी संत्र्यालाही २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आलूच्या पिशवीवर बेटाचं नाव आणि संत्र्याच्या क्रेटवर कोरी चिठ्ठी, हे काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आता त्या शेतदुकानाचं सांगते, कारण लिहायला बसले ती त्याच्यासाठीच. लेकीच्या दवाखान्यातल्या एका नर्सनं सांगितलं, शतावरी खायची तर एव्हशमला जा. शतावरी म्हणजे तिथला 'अ‍ॅस्परॅगस'. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला जी शतावरी उगवते, बाळंतिणीला दूध यावं म्हणून जिचं मूळ देतात, तिच्याच कुळातली. आपण मूळ घेतो, ते कोवळा कोंब खातात. वूस्टरपासून एव्हशम फार लांब नाही आणि तो सगळा खोरा शतावरीसाठी नावाजलेला आहे. जुने लोक तिथं तिला नुसतं 'ग्रास' म्हणतात.

एव्हशमच्या बाहेर, पर्शोरकडे जाताना रस्त्याला लागून एक टिनाचं गोदाम, त्याच्या पुढं लाकडी फळ्यांवर माल, बाजूला सहा टेबलांचं चहाघर आणि मागं शेत. अशी दुकानं त्या भागात पुष्कळ आहेत, म्हणून नावापेक्षा खूण सांगते. दारात पाटी असते, तिच्यावर खडूनं लिहिलेलं असतं. आम्ही गेलो त्या दिवशी लिहिलं होतं: 'आज सकाळी कापलं, मागच्या वावरातलं.' जुडी साडेतीन पाउंडाला. पाउंड शंभर रुपयांच्या वर, म्हणजे भाजीला हा पैसा फार, हे मी आधीच सांगते.

मालकीण साठीची असेल. मी लेकीला म्हटलं, विचार तिला, लावल्यावर किती वर्षांनी पीक येतं. ती बाई हातातलं काम टाकून मला थेट वावरातच घेऊन गेली. खोड लावल्यावर पहिली दोन वर्षं कोंबाला हात लावायचा नाही. तिसऱ्या वर्षापासून कापायचं, मग जपलं तर दहाएक वर्षं पीक मिळतं. ऊन पडलं की कोंब एका दिवसात वीतभर वर येतात, म्हणून रोज माणूस लावून एकेक कोंब हातानं सुरीनं कापावा लागतो. यंत्राला तिथं फारसं काम नाही. मी तिला सांगितलं, आमच्याकडेही शेंदूरजनाघाटहून संत्र्याची कलम आणून लावली की पाच वर्षं नुसतं पोसायचं असतं. लेक मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती, पण अर्धं आम्हाला तसंच कळत होतं.

चहाघरात जेवलो. जेवणाचा कागद एकच, हातानं लिहिलेला, चार पदार्थ. शतावरी फक्त तीन-चार मिनिटं उकळलेली, वर लोणी आणि मीठ, सोबत अर्धवट उकडलेलं अंडं आणि जाड पाव. लेकीनं अंडं खाल्लं, मी नुसतं लोणी घेतलं. चव कशी म्हणाल तर तुरीची ओली शेंग झाडाखाली उभं राहून सोलून खातो ना, तो गोडवा, आणि शेवटी जिभेवर किंचित कडवट. पिशवीत तिखटाची पुडी होती, ती मी काढलीच नाही. त्या पाच महिन्यांत घराबाहेर खाल्लेलं सगळ्यात चांगलं जेवण हेच. उणं काय होतं तेही सांगते: ताट लहान, पोट भरत नाही. चहा कोमट आला. एकच पोरगी सगळी टेबलं पाहत होती, त्यामुळे अर्धा तास बसावं लागलं. रविवारी तिकडं बस नव्हती, गाडी असेल तरच जमतं.

याच्या उलट अनुभव एका पबमध्ये आला. जूनचा पहिला रविवार, जावयांच्या मित्रानं दुपारी जेवायला नेलं. फळ्यावर 'हंगामी भाज्यांचं ताट' लिहिलेलं, सतरा पाउंड. ताटात आलं काय, तर चौकोनी तुकड्यांचं गाजर, ब्रोकोली आणि मटार, सगळं बर्फातून काढलेलं. खाली पाणी सुटलं होतं. बाहेर बाजारात शतावरी, नवे आलू, पहिल्या स्ट्रॉबेऱ्या यांची रेलचेल, आणि ताटात हे. भाजी कुठली म्हणून विचारलं तर वाढणाऱ्या पोराला सांगता आलं नाही. 'हंगामी' हा शब्द फळ्यावर लिहायला खडूच लागतो, पण तो वाचून माणूस विश्वासानं पैसे देतो. मला त्या सतरा पाउंडांपेक्षा त्याचंच जास्त लागलं. त्या ताटात यॉर्कशायर पुडिंग मात्र चांगलं होतं. नाव गोडाचं वाटतं, पण मैदा, अंडी आणि दुधाचा वाटीसारखा फुगलेला, खरपूस प्रकार आहे. पबात बहुतेक जागी आपण काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. दुपारचं स्वयंपाकघर लवकर बंद होतं. नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तसा कायदाच आहे. बाटली घेऊ नका. लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी बिलात सेवेचे म्हणून साडेबारा टक्क्यांच्या आसपास आधीच धरलेले असतात, तसं असेल तर वरून परत बक्षिसी ठेवायची गरज नाही.

मेपासून दर शनिवारी आम्ही त्या शेतदुकानात जात राहिलो. तिथं रुबार्ब मिळायचा, लाल-हिरव्या आंबट दांड्या. पानं विषारी असतात, ती फेकायची. तिथले लोक त्यात भरपूर साखर घालून गोड करतात. मी त्या दांड्या तुरीच्या वरणात टाकल्या, अंबाडीसारखं आंबट वरण झालं आणि जावयांनी दोनदा मागून घेतलं. जूनमध्ये ब्रॉड बीन्सच्या शेंगा आल्या, हिवाळ्यात आपण पोपटाचे दाणे सोलतो तसे दाणे, फक्त अंगठ्याएवढे. वरची पांढरी साल काढून उसळ केली, लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. हे दाणे जून झाले की पिठूळ लागतात, कोवळे असतानाच घ्यावेत. स्ट्रॉबेरीच्या शेतात टोपली घेऊन आपणच तोडायची, शेवटी वजन करून पैसे द्यायचे. उन्हानं तापलेलं, देठापर्यंत लाल फळ आणि सुपरमार्केटच्या डबीतलं फळ एकाच जातीचं असेल यावर विश्वास बसत नाही.

जूनच्या शेवटच्या शनिवारी गेलो तर पाटीवर लिहिलेलं: 'ग्रास संपलं. पुढच्या एप्रिलात या.' मागं वावरात हिरवेगार कोंब दिसत होते. मी मालकिणीला म्हटलं, हे काय, आहे ना अजून. तिनं समजावलं. २३ एप्रिल, म्हणजे सेंट जॉर्जच्या दिवसापासून २१ जूनपर्यंत कापायचं, ही जुनी रीत आहे. त्यानंतर कोंब वाढू द्यायचे, त्यांचा मोरपिसासारखा पाला होतो आणि तोच पाला वर्षभर मुळांना पोसतो. आता कापत राहिलं तर पुढच्या वर्षीचंच पीक खाल्ल्यासारखं. गिऱ्हाईक परत जाताना वाईट वाटत नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाटतं, पण हेच लोक एप्रिलात सगळ्यात आधी येतात. आणि माझ्या पिशवीत तिनं ब्रॉड बीन्सच्या शेंगा भरल्या.

त्याच संध्याकाळी सुपरमार्केटात शतावरी होती. पाकिटावर पेरू देशाचं नाव. विमानानं आलेली. घेऊन पाहिली, म्हणूनच सुरुवातीला चोथा म्हटलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही बगीचा उभाच विकतो. व्यापारी येतो, सौदा होतो, त्याची माणसं तोडाई करतात, क्रेट भरतात, गाडी जाते. आंबिया आणि मृग (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचा बहार) एकमेकांत मिसळले काय, पुढं कुणी कोणत्या नावानं विकला काय, आम्हाला पत्ता नसतो. आंबिया बहार लांबून हिरवट फळ तोडलं जातं ते आम्ही पाहतो आणि गप्प बसतो, कारण भाव तेव्हा असतो. फळगळ, डिंक्या, कोळशी असल्या झाडाच्या रोगांतून जे फळ जगवलं, ते आपल्या नावानं एकदाही गिऱ्हाइकाच्या हातात गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढचे महिने भराभर गेले. ऑगस्टात पर्शोरची आलुबुखारे आली; पिवळी आणि जांभळी, दोन्ही त्या गावाच्या नावानं ओळखली जातात. पिवळी तर जास्त करून शिजवायलाच घेतात. रस्त्याकडेच्या टेबलावर फळं, अंडी मांडलेली आणि शेजारी पत्र्याचा डबा, माणूस कुणी नाही. पैसे डब्यात टाकायचे आणि माल उचलायचा. कुंपणांवर काळ्या ब्लॅकबेऱ्या लागल्या होत्या, त्या फुकट. सप्टेंबरात वूस्टर पिअरमेन सफरचंद आलं, लालभडक आणि वासाला जरा स्ट्रॉबेरीकडे झुकणारं. हे तोडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत खावं, ठेवलं तर भुसभुशीत होतं. एकदा बाथलाही गेलो. तिथं जुन्या रेल्वे स्टेशनात शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. त्या देशातला नव्या पद्धतीचा पहिला शेतकरी बाजार १९९७ साली याच गावात सुरू झाला. विकणारा स्वतः पिकवणारा असतो, म्हणून कोणत्या दिवशी तोडलं ते विचारता येतं.

यंदाच्या आंबियात वरूडच्या रस्त्याला, आमच्या धुऱ्यावर, मी वीस क्रेट वेगळे मांडले. पाटीवर लिहिलं: 'बेनोडा, आंबिया बहार, काल तोडलेला.' आमच्या घरचे म्हणाले, "काहून एवढी खटपट? बेपारी नेतेच ना." चार दिवसांत सगळे क्रेट गेले. हिरवट फळ मागणाऱ्या दोघांना मी परत पाठवलं.

शेजारच्या पोरीसाठी एवढं: जानेवारीत पोहोचशील तेव्हा बाजारात कडसर सेव्हिल संत्री येतील, ती मुरंब्याची, तशी खाऊ नकोस. त्याच सुमारास यॉर्कशायरातल्या वेकफील्डकडचा गुलाबी रुबार्ब येतो. अंधाऱ्या शेडमध्ये वाढवून मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, तो एकदा वरणात टाकून पाहा. एव्हशमला २३ एप्रिलनंतर जा, सकाळी जा, रविवार सोडून. पाटीवर शतावरी संपली असेल तर नवे आलू घेऊन ये, आणि तिखटाची पुडी सोबत ठेव, ती आलूला लागेल.